पायातली वहाण

‘पोडियाट्रिस्ट’ला मराठी शब्द नाही याचं मला फारसं दुःख नाही. उद्या एखादी समिती बसेल, ‘पादचिकित्सक’ असं काहीतरी घडवेल आणि तो शब्द कुणीही वापरणार नाही. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. पायाच्या दुखण्यांना मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. कुरूप, भोवरी, घट्टे, भेगा, चिखल्या, नखुरडं. आपली नवी चप्पल चावते, पायाला मुंग्या येतात, पोटऱ्यांत गोळे येतात. पायाच्या एकेका दुखण्याला या भाषेनं नाव दिलं आणि ते बरं करायला बसणाऱ्या माणसाला मात्र नावं ठेवली.

माझी मामेबहीण इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात बीएस्सी पोडियाट्री करते आहे, शेवटचं वर्ष. ती निघाली तेव्हा घरात जे काही बोललं गेलं त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं, “म्हणजे ते पेडिक्युअर का?” सगळ्यात खरं वाक्य एका दूरच्या मामांचं होतं: “एवढं कर्ज काढून लोकांच्या पायाशी बसायला जायचं?” मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मी दिवसभर नक्की काय करतो हे आमच्या घरात कुणालाही सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर काही आठवडे मलाही येत नाही. पण मला कधी कुणी असं विचारलं नाही. आयटी म्हटलं की चौकशी संपते. तिला मात्र गेली तीन वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक व्हिडिओ कॉलवर आपल्या अभ्यासक्रमाची बाजू मांडावी लागते. म्हणून यावेळी ती मी मांडतो.

आधी ती शिकते काय, ते. माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात, त्यातली ५२ दोन पावलांत. म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे, आणि हे सगळं यंत्र दिवसाला काही हजार वेळा आपलं पूर्ण वजन झेलतं. पहिल्या वर्षी ही रचना, चालण्याचं यंत्रशास्त्र आणि त्यासोबत हातात स्काल्पेल. तिनं सुरुवातीचे कित्येक तास साबणाच्या वडीवर पातळ काप काढण्यात घालवले, कारण मधुमेह्याच्या तळव्यावरचा घट्टा काढताना एक मिलिमीटर जास्त गेलं तर जखम तुम्हीच करून ठेवता. मग विद्यापीठाच्याच क्लिनिकमध्ये खरे रुग्ण. पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी बोटांनी शोधायची, नाही सापडली तर डॉपलर लावायचा आणि रक्तप्रवाहाचा आवाज ऐकून धमनी कितपत खुली आहे ते ओळखायचं. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचं, कळतंय का? बोटाला भूल देऊन आत वाढलेल्या नखाची कड काढायची आणि ती पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावायचं. प्लास्टर, इनसोल, बुटांची निवड, त्वचारोग, संधिवात, औषधशास्त्र. तीन वर्षांत साधारण हजार तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत. त्यानंतर नोंदणी. ‘पोडियाट्रिस्ट’ हे तिथे कायद्यानं राखलेलं नाव आहे, नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा. २०१३मध्ये कायदा बदलला तेव्हापासून पुढचं प्रशिक्षण घेतलेले पोडियाट्रिस्ट स्वतः औषधंही लिहून देऊ शकतात. हे पेडिक्युअर असेल तर मी करतो ते टायपिंग.

आता माझ्या मोठ्या काकांची गोष्ट सांगतो. ती आमच्या घरात कुणाला सांगायला आवडत नाही.

काका शाळेत शिकवायचे, निवृत्त झाले तेव्हा त्यांना मधुमेह होऊन दहाएक वर्षं झाली होती. पथ्यपाणी बऱ्यापैकी पाळायचे. दर तीन महिन्यांनी तालुक्याच्या गावी एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे जायचे. रक्त, लघवी, बीपी, फाइलला आणखी एक कागद. चौदा वर्षांत त्या खोलीत त्यांना एकदाही कुणी “चप्पल काढा, पाय वर घ्या” असं म्हणालं नाही. चप्पल ते काढायचे, पण दाराबाहेर, आदरानं. एकदा ते बाजारातून घरी आले तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे निसटली हे त्यांना कळलंच नव्हतं. घरात हसाहशी झाली. विसरभोळे मास्तर म्हणून. माझी बहीण पुढे पहिल्या वर्षाच्या वर्गात होती तेव्हा पायाच्या नसा बधिर झाल्याचं एक ठरलेलं लक्षण म्हणून तिला हेच शिकवलं: चप्पल पायातून निघते आणि माणसाला समजत नाही. अख्ख्या घरानं ते लक्षण डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यावर चहा घेतला होता.

पुढचं तुम्हाला अंदाजानं कळलं असेल. चपलेच्या तळातून वर आलेला एक बारीक खिळा, अंगठ्याच्या बुडाशी. त्यांना दुखलं नाही, म्हणून ते त्यावर चालत राहिले. वास यायला लागला तेव्हा काकूनं पाहिलं. फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मग जनरल सर्जन. सर्जन म्हणाले, रक्तपुरवठा बघा. रक्तवाहिन्यांचे डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी हाडात जंतुसंसर्ग आहे का ते बघायला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी साखर आटोक्यात आणा म्हणून परत पहिल्या दारात. आधी अंगठा गेला. पाच महिन्यांनी गुडघ्याखालून पाय.

यातला एकही डॉक्टर वाईट नव्हता. आमच्या धंद्यात हा प्रकार रोज घडतो: तक्रार एका टीमकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे ढकलली जाते, प्रत्येक जण आपल्यापुरतं प्रामाणिक उत्तर लिहितो आणि तिसऱ्या आठवड्यात सिस्टिम कोसळते. कारण त्या भागाला मालकच नसतो. पाऊल हा आपल्या वैद्यकव्यवस्थेतला तसाच बेवारस भाग आहे. साखर मधुमेहतज्ज्ञाची, हाड अस्थितज्ज्ञाचं, धमनी व्हॅस्क्युलर सर्जनची, कातडी त्वचारोगतज्ज्ञाची. पाऊल कुणाचं? ते कापण्याच्या लायकीचं झालं की मग सर्जनचं.

इथे लोक मला हमखास सांगतात की आपल्याकडे डॉक्टरच कमी, त्यात ही चैन कशाला. आकडे बघा. आयसीएमआरच्या इंडिआब पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेह्याला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होण्याची शक्यता शेकडा १९ ते ३४ सांगितली जाते. आणि मधुमेहात पाय कापावा लागतो त्यातल्या दर शंभरात ऐंशीहून जास्त वेळा सुरुवात अशा एका साध्या, बरी होऊ शकणाऱ्या जखमेनं झालेली असते. डॉक्टर कमी आहेत हे मान्य. म्हणून तर डॉक्टर नसलेला, पण पायाचंच शिकलेला माणूस हवा. एमबीबीएस, एमएस, एमसीएच होऊन बाहेर पडलेल्या माणसानं तळव्यावरचे घट्टे तासत बसावं ही अपेक्षाच वेडगळ आहे, आणि तो बसतही नाही. डोळ्यांच्या बाबतीत आपल्याला हे कळलंय. चष्म्याचा नंबर काढायला आपण रेटिना सर्जनकडे जात नाही.

पण खरी अडचण आकड्यांची नाहीच. आपल्याला पायाची किळस येते, आणि त्या किळसेला आपण संस्कृती म्हणतो.

ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपल्याइतकी पायांची पूजा कोण करतं? आळंदीहून पालखी निघते तिच्यात पादुका असतात. मुलीच्या लग्नात जावयाचे पाय धुतात. परीक्षेला निघालेलं पोर घरातल्या सगळ्यांच्या पाया पडतं. पण नीट बघा, हा सगळा व्यवहार खालून वर चालतो. लहानानं मोठ्याच्या पायाला हात लावायचा. पायाला हात लावणारा तो कमी, ज्याचा पाय तो जास्त. आमच्या भाषेचा साठाच बघा ना: पाय धरणं, पाय चेपणं, पायाशी बसणं, पायरी ओळखून राहणं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. आणि सगळ्यांचा बाप, ‘पायातली वहाण पायातच बरी’. ही म्हण चपलेविषयी नाही हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती कुणाकुणाला ऐकवली गेली तेही ठाऊक आहे. विराट पुरुषाच्या पायांपासून कोण जन्मले असं सांगणारी वर्णव्यवस्था, नखं काढणारा न्हावी, वहाण शिवणारा चांभार. पायाजवळची सगळी कामं आपण कुणाकडे दिली आणि मग त्या माणसांना काय किंमत दिली, हा काही फार जुना इतिहास नाही. या पार्श्वभूमीवर शिकलेली मुलगी खुर्चीवरून खाली वाकून अनोळखी माणसाचं पाऊल मांडीवर घेते, तेव्हा दूरच्या मामांच्या पोटात काय ढवळतं ते मला कळतं. “पायाशी बसायला जायचं?” हा प्रश्न करिअरविषयी नव्हता.

वारीचं उदाहरण मला उलट तोंडावर फेकलं जातं. वारीत वारकऱ्यांचे पाय चेपणारे, तेल लावणारे, जखमा बांधणारे शेकडो लोक असतात, त्यात डॉक्टरही असतात. असतातच, आणि मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण ती सेवा आहे. वर्षातून तीन आठवडे, पुण्यासाठी, पगाराशिवाय. पायाला हात लावणं पुण्यकर्म म्हणून चालतं, नोकरी म्हणून चालत नाही. हाच तर माझा मुद्दा आहे.

आणि हे आपल्या रक्तातच आहे, बदलणार नाही, असं म्हणून हात झटकायची सोय नाही. इंग्लंडमध्येही हा धंदा कुरूपं कापणाऱ्या फिरत्या लोकांचाच होता. व्हिक्टोरिया राणीच्या पायांची काळजी घेणाऱ्या लुईस डर्लाकरनं १८४५मध्ये कुरुपं आणि नखांच्या विकारांवर रीतसर ग्रंथ लिहिला, तरी वैद्यकांच्या पंगतीत या लोकांना पाट मिळायला पुढच्या कितीतरी पिढ्या जाव्या लागल्या. संघटना, इस्पितळं, अभ्यासक्रम, कायदा, पदवी, असं एकेक करत ते वर आले. आजही तिथे स्वर्ग नाही. २०१७मध्ये सरकारनं या अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती बंद केली. पुढे २०२०पासून वर्षाला पाच हजार पौंडांचं अनुदान सुरू करावं लागलं, आणि पोडियाट्रीसारख्या ज्या मोजक्या विषयांना मुलं मिळत नाहीत त्यांना वर आणखी हजार. (हे पैसे तिथल्या मुलांना. माझ्या बहिणीसारख्या परदेशी विद्यार्थ्याला फक्त बिल.) म्हणजे पाय तिथेही कुणाला नको आहेत. फरक इतकाच की तिथल्या व्यवस्थेनं ते ओळखून किंमत मोजायचं ठरवलं. मधुमेह्याचे बूट-मोजे काढून वर्षातून एकदा पाय तपासायचे, आणि वाहती जखम दिसली तर एका कामकाजी दिवसाच्या आत पायांच्या पथकाकडे पाठवायचं, हे तिथल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. एक दिवस. काकांना पाच दारं फिरायला किती लागले ते मी मोजले नाहीत, पण त्यात गणपती आणि दिवाळी दोन्ही येऊन गेले.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अजून सांगायची आहे. हे ज्ञान आपल्याला परक्याकडून आणायचंच नाही, त्याचा मोठा भाग इथलाच आहे. पायाच्या जखमेवरचं भार काढून घेणारं घट्ट प्लास्टर, ज्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात, ते माझी बहीण आज इंग्लंडमध्ये शिकते. ते १९३०च्या दशकात भारतात डॉ. जोसेफ खान यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांसाठी वापरलं. वेल्लोरला १९४६मध्ये आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांची बोटं रोगानं ‘सडत’ नाहीत. वेदना गेलेली असते, म्हणून माणूस जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजतो. कुष्ठरोग असो की मधुमेह, बधिर पायाचा नियम एकच. पुढे ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग इस्पितळात गेले, ते प्लास्टर त्यांच्यासोबत गेलं, आणि तिथून ते मधुमेहाच्या जगात पसरलं. बधिर पायांसाठीच्या मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपलाही आपल्याकडे कुष्ठरोगाच्या कामातून आल्या. हे सगळं आपल्याकडे होतं. कुष्ठरोगाच्या वस्तीत होतं, म्हणून ते वस्तीतच राहिलं. मोठ्या इस्पितळांच्या काचेच्या दारातून ते आत आलंच नाही.

आपण आत घेतला तो जयपूर फूट. रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला तो पाय खरोखरच थोर आहे. त्यावर बसता येतं, शेतात अनवाणी चालता येतं. पण मला हे कळत नाही की रबराच्या पायाचा देशभर अभिमान आणि हाडामांसाच्या पायाला कुणी बघायला नाही, यात कुणालाच काही खटकत कसं नाही? कृत्रिम पाय वाटपाच्या शिबिराला पालकमंत्री येतात, फोटो येतो. न कापलेल्या पायाचा फोटो कसा काढणार?

फोटोवरून माझ्या जातभाईंकडे येतो, म्हणजे आयटीवाल्यांकडे. बहिणीच्या अभ्यासाविषयी मी ऑफिसात बोललो की दहा मिनिटांत कुणीतरी म्हणतं, यावर ॲप काढू या. पायाचा फोटो काढायचा, एआय जखम ओळखेल. मी असली मॉडेलं बनवणाऱ्यांच्या शेजारी बसतो, त्यामुळे ठासून सांगतो: फोटोत दिसेपर्यंत जखम झालेली असते. त्याआधी जे कळायला हवं ते हाताला कळतं. नाडी लागते की नाही, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, घट्ट्याखाली रक्त साकळलंय का. आणि कळल्यावर तो घट्टा काढावा लागतो, कारण तो स्वतःच खालच्या मांसावर खड्यासारखा दाबत असतो. कॅमेरा घट्टा काढत नाही. तंत्रज्ञानानं मदत होणार नाही असं नाही, पण ज्या देशात फोटो पाहून पाठवायला माणूसच नाही, तिथे ते ॲप फक्त वाईट बातमी लवकर देईल. मला तर संशय येतो की ॲपची कल्पना आपल्याला इतकी आवडते, कारण त्यात पायाला हात लावावा लागत नाही.

मग करायचं काय? गंमत म्हणजे कायदा झालेला आहे. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात ‘पोडियाट्रिस्ट’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. कुठे? ‘इतर’मध्ये. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही त्याचा क्रमांक २२६९, म्हणजे ‘इतरत्र न बसणारे’ आरोग्य व्यावसायिक. पाय तिथेही पंगतीच्या शेवटी. असो. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची पदवी हवी असंही तोच कायदा सांगतो. पण बारावीनंतर मुलगी सहज फिजिओथेरपीला जाते तशी पोडियाट्रीला जायची वाट माझ्या बहिणीनं इथे वर्षभर शोधली. तिला जे सापडलं ते आधीच डॉक्टर झालेल्यांसाठीचे छोटे अभ्यासक्रम होते. ते हवेतच, पण डॉक्टरला चार महिने पाय शिकवणं म्हणजे पायाचा व्यवसाय उभा करणं नव्हे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं ही पदवी सुरू करावी. सुरुवातीला दोन-तीन सरकारी महाविद्यालयांत, जिथे मधुमेहाची ओपीडी रोज तुडुंब असते, आणि जिथे कुष्ठरोगाचं काम केलेली अनुभवी माणसं निवृत्त व्हायच्या आत शिकवायला आणता येतील. सोबतच प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पदं मंजूर करावीत, कारण पद नसेल तर पदवी घेऊन पोरं ब्युटी पार्लरच टाकतील आणि दूरचे मामा खरे ठरतील. आणि तोवर, आजपासून, एक पैसा न खर्चता: मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या माणसाला पंख्याखाली बसवून चप्पल-मोजे काढायला सांगावेत. बीपी घेणारी सिस्टर पाय बघू शकते. नायलॉनच्या धाग्याला बीपीच्या यंत्राइतकेही पैसे पडत नाहीत.

बहिणीला या उन्हाळ्यात पदवी मिळेल. तिच्या वर्गातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या ठरल्यात, तिचीही ठरेल असं दिसतं. तिला खरं तर परत यायचं आहे, आणि कर्जाचा हप्ता रुपयांत फेडायचा हिशोबही तिनं मांडून पाहिला आहे. मामी दर रविवारी विचारते, कधी येणार? परवा ती म्हणाली, “आई, आले तर दारावर पाटी काय लावू?” मामी म्हणाली, “डॉक्टर लाव की. कोण विचारतंय?” “मी डॉक्टर नाहीये. खोटी पाटी नाही लावणार मी.” मामीनं जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, मग सध्या राहू दे तिकडेच.